नागपूरच्या बाई आणि चुकीचा स्टॉप

अमेरिकेत आलेल्या प्रत्येक आजीला कोणीतरी पळवून आणलेलं असतं, असं छातीठोकपणे सांगणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. सुनेच्या मैत्रिणीच्या सासूबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या नागपूरच्या बाई. शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. आमच्या बॉथेल गावच्या लायब्ररीत त्यांना जुन्या हकिकती सापडल्या. या देशातल्या पहिल्यावहिल्या गोऱ्या वसाहतींतल्या ज्या बायकांना लढाईत मूळ रहिवाशांनी पकडून नेलं, त्यांनी सुटून आल्यावर लिहिलेल्या. त्यातली एक कैदीण बाईंची विशेष लाडकी. तिच्याबद्दल अशा बोलायच्या, की जणू सख्खी मावसबहीण! ती पायमोजे विणून द्यायची आणि बदल्यात खायला मिळवायची, म्हणून बाईंनी बसच्या ड्रायव्हरला ऐन उन्हाळ्यात लोकरीचे पायमोजे विणून दिले. तो बिचारा ते हातात घालून आम्हाला टाटा करायचा. ती मूठभर भाजक्या मक्यावर दिवस काढायची, म्हणून बाईंच्या पर्समध्ये कायम भाजका मका. चालल्या की खुळखुळा वाजायचा. मात्र पकडून नेणाऱ्यांना कोणी नावं ठेवली, की बाई चष्म्यावरून बघायच्या. "त्यांची जमीन कोणी नेली, ते नाही विचारत तुम्ही!"

कैदीण संकटात बायबल कुठेही उघडायची आणि नेमकी धीराची ओळ सापडायची. बाई बौद्ध, कौलबिल न मानणाऱ्या. त्या आपल्या बसचं वेळापत्रक उघडायच्या. "ओळ कोणतीही चालते हो. उघडायला हात उठला पाहिजे, तोच विश्वास."

२००३ साल होतं. मी अवघी साठीची, अल्लड! सुनेचं बाळंतपण तोंडावर, आणि मी परतीच्या तिकिटासाठी हटून बसलेली. दिवसभर खिडकीत बसून रडायचं आणि मुलगा घरी यायच्या वेळी पुन्हा ताजं रडायचं, हा माझा दिनक्रम. दाराची बेल वाजली तर इंग्रजी बोलावं लागेल म्हणून मी पडद्यामागे. "आई, प्लीज, डिलिव्हरीपर्यंत तरी थांबा ना," म्हणून सून थकली.

"काहून रडून राहिल्या, ताई?" म्हणत एक दिवस बाईंनी वेळापत्रक उघडलं आणि मला बसमध्ये कोंबलं.

येताना उतरलो ते भलत्याच स्टॉपवर. नुसती झाडं, वर भुरभुर पाऊस. "आता इथेच मरायचं!" मी गळा काढला. बाईंनी माझ्या हातावर मका ठेवला. "चावा. रडताना चावता येत नाही."

खरंच येत नाही. तेवढ्यात कुत्रा फिरवणारा एक आडदांड माणूस आला. बाई एकदम झाडाकडे बघायला लागल्या, जणू आयुष्यात झाड पाहिलंच नव्हतं. विचारायची पाळी माझ्यावर आली. "सर, माय हाउस लॉस्ट!" मी ओरडले. त्यानं हसू दाबत वळणापर्यंत सोबत केली. माझं हरवलेलं घर दोन गल्ल्यांपलीकडे उभं होतं.

संध्याकाळी मुलगा पडेल आवाजात म्हणाला, "आई, तिकीट मिळतंय. बुक करू?"

"काही नको. बाळाला फिरवायला कोण नेणार? तुम्हाला मेलं गाडीशिवाय काही माहीत नाही!"

पुढे बाई परत निघाल्या, तेव्हा विमानतळावर मी विचारलं, "त्या दिवशी मुद्दाम चुकलात ना?" त्या पर्स खुळखुळवत आत गेल्या, ते वळून न बघता. काही वर्षं नागपूरहून फोन यायचे. मग येईनासे झाले.

ते बाळ आता मलाच ड्राइव्ह करून नेतं. समोरच्या घरात एक नव्या आजी आल्या आहेत, खिडकीतून हलत नाहीत. आज मी मका भाजून ठेवलाय. उद्या त्यांना बसनं घेऊन जाईन. कुठे चुकायचं, ते मला पाठ आहे.