पालथा फोन

टॅलमन काउंटीतलं एकुलतं एक सिनेमागृह बंद पडलं त्याला आता एक पिढी उलटली. तेव्हापासून तिथल्या लोकांची करमणूक म्हणजे शेरीफच्या कचेरीची यादी. पकडून कोठडीत ठेवलेल्या प्रत्येकाचं नाव, गुन्हा आणि भिंतीला टेकवून काढलेला फोटो, सगळं सकाळी कचेरीच्या वेबसाइटवर येतं, तो सुटेपर्यंत रोज. कॅन्ससच्या त्या कोपऱ्यात गहू आणि वारा सोडला तर रोज नवं असं तेवढंच.

पेट्रोल पंपाला लागून नोरीनचं हॉटेल आहे. तिथं खिडकीजवळच्या गोल टेबलाशी सकाळी म्हातारे जमतात. फोनवरून यादी वाचून दाखवायचा मान डेल्बर्ट फुक्सचा. त्याचा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला, त्यामुळे यादीतला जवळजवळ प्रत्येक चेहरा त्यानं कधी ना कधी शाळेत पोचवलेला होता.

"रॉय पेटिट," डेल्बर्ट वाचायचा. "दारू पिऊन वाहन चालवणे. वाहन कोणतं, तर गवत कापायचं."

"लायसन्स काढून घेतलंय त्याचं. बिचारा दुसरं काय चालवणार?" मिल्ट म्हणायचा. मिल्टची जीभ त्याच्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त चालते.

"फोटो बघ की. केस विंचरून गेलाय गडी."

"स्वतःच्या लग्नात एवढा नीट नव्हता."

सगळे हसायचे. एल्डन क्रॅट्झही हसायचा, पण उशिरा आणि तोंडापुरतं. डेल्बर्टनं वाचायला तोंड उघडलं, की त्या दिवसापुरती एल्डनची आशा संपलेली असायची.

एल्डन सहकारी कोठारावर धान्याचे ट्रक तोलायचा. निवृत्त झाला, पाठोपाठ बायको गेली, आणि घरात उरली त्याची एकुलती मुलगी ट्रीना. मांसाच्या कारखान्यात तिची पाठ धरली. पाठीसाठी गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळ्या संपल्या तेव्हा त्याहून वाईट काहीतरी. मग ती घरातूनही गेली. आज एकाच्या ट्रेलरच्या घरात, उद्या दुसऱ्याच्या गाडीत. ना फोन, ना पत्ता.

ती पहिल्यांदा यादीत आली त्या सकाळी डेल्बर्टनं फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि सगळे तासभर गारांवर बोलत बसले. आभाळ स्वच्छ होतं. एल्डनला काही कळेना. दुपारी वाचनालयातल्या संगणकावर त्यानं स्वतः यादी पाहिली, तेव्हा उलगडा झाला. टेबलावरच्या कुणाचं माणूस आत असलं, की त्या दिवशी यादी वाचायची नाही आणि हवामानावर बोलायचं. असा नियम कुणी केला नव्हता, पण कुणी मोडलाही नाही.

पुढे त्याला या गारांची सवय झाली. नुसती सवय नाही, तो त्यांची वाट पाहू लागला. लोकांची पोरं आत गेली की आईबाप तोंड लपवतात. याचा मात्र जीव भांड्यात पडायचा. पोरगी जिवंत आहे. छपराखाली आहे. दोन वेळा जेवते आहे. आणि भेटीच्या दिवशी व्हिडिओच्या पडद्यावर का होईना, तिला बघता येईल. भिंतीपुढच्या फोटोत ती वर्षागणिक वाळत गेली होती, पण तिचे फोटो काढणारं आता तेच एक ठिकाण उरलं होतं.

एल्डनकडे जुना घडीचा फोन होता, नुसता बोलण्यापुरता. नवा तो मुद्दाम घेत नव्हता. वाचनालयात एकदा त्यानं तिचं नाव टाकलं, तर पडद्यावर आलं, 'नोंद सापडली नाही'. त्या वेळी शेजारी कुणी नव्हतं. तेव्हापासून ते उत्तर एकट्यानं वाचायचं नाही असं त्यानं ठरवलं. टेबलावर निदान कुणी कॉफी तरी पुढे सरकवतं.

गेल्या सुगीपासून ट्रीना यादीत नव्हती. हिवाळा सरला. डेल्बर्ट रोज वाचत राहिला, मंडळी रोज हसत राहिली. रस्त्याकडेच्या चरात बर्फ वितळायला लागला, की एल्डन गाडी हळू चालवायचा आणि चराकडे बघायचा नाही; हिवाळ्यात हरवलेली माणसं अशाच चरांत सापडतात.

मार्चमधल्या एका सकाळी तो आत शिरला, तर फोन पालथा होता. मिल्ट गव्हावरच्या तांबेरा रोगावर बोलत होता. कुणी एल्डनकडे बघत नव्हतं.

एल्डन खुर्चीत टेकला आणि त्याला आधी हसूच आलं. म्हणजे आहे तर. आली.

"नोरीन, आज काही गोड दे गं. चेरीचा केक आहे का?"

"केक?" नोरीन बघतच राहिली. "नाताळला आग्रह केला तर घेतला नाहीस."

"आज घेतो. आइसक्रीम पण टाक वर."

त्यानं तो चवीनं खाल्ला. तांबेऱ्यावर स्वतः दोन गोष्टी सांगितल्या. उठताना डेल्बर्टच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय रे, गारा कधी पडणार म्हणतोस?" डेल्बर्टनं कपावरून नजर वर केली नाही. एल्डनला वाटलं, आपल्यासाठी बिचाऱ्याचा जीव किती तुटतो.

घरून त्यानं पिशवी उचलली. ती कधीची भरून दाराशी ठेवलेली होती. पांढरे पायमोजे आणि ट्रीनाचा वाचायचा चष्मा. कचेरीत काचेमागे कॉरिन बसली होती. कैद्यांची नोंद तीच करते, फोटोही तीच काढते.

"या, मिस्टर क्रॅट्झ. बऱ्याच दिवसांनी."

"ट्रीनासाठी आणलंय. भेट आज मिळेल की शनिवारीच?"

कॉरिननं संगणकात पाहिलं. मग उगाचच पुन्हा पाहिलं. "ट्रीना नाहीये इथं. सुगीनंतर आलीच नाही ती. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं नाही," एल्डन म्हणाला. "म्हणून तर आलो."

कॉरिनला ते समजलं नाही. तो फळ्याकडे वळला. तिथं आजची यादी फोटोंसकट लावलेली होती. वरून दुसरा चेहरा कोवळा, घाबरलेला, आणि हनुवटी थेट डेल्बर्टची. कोडी फुक्स. डेल्बर्टनं लहानाचा मोठा केलेला नातू.

टेबलावर आत जाण्यासारखं माणूस फक्त आपलंच, असं एल्डन धरून चालला होता. त्याला त्या केकची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाज नंतर आली. आधी आला तो हेवा. डेल्बर्टचा नातू त्या भिंतीपलीकडे होता, अंगावर पांघरूण घेऊन, आणि डेल्बर्टला ते ठाऊक होतं.

"तुम्ही बसता का जरा?" कॉरिननं विचारलं. तो बसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो लवकर हॉटेलात गेला. टेबलाशी डेल्बर्ट एकटाच होता, फोन पालथा. न येणं म्हणजे लाज वाटल्याची कबुली, म्हणून आलेला. एल्डननं पायमोजांचं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं.

"कोठडीत पांढरेच घेतात. आणि पाकीट फोडू नकोस, फोडलेलं परत करतात."

डेल्बर्टनं पाकीट उलटून पाहिलं. "हे ट्रीनाचे आहेत, एल्डन."

"तिला नंतर घेईन. शनिवारी जेवणानंतर भेट असते. पडद्यावर दिसतो, पण आवाज जरा उशिरा येतो. तू घाई करू नकोस, त्याला बोलू दे."

"काल तू गारांचं विचारलंस तेव्हा मला वाटलं, टोमणा मारतोयस."

"मला वाटलं, ती आली."

डेल्बर्टनं डोळे मिटले. नोरीन कॉफी ओतून गेली. मिल्ट आला, बाकीचे आले, खुर्च्या सरकल्या.

"आजपासून वाचत जा," एल्डन म्हणाला. "रोज. माझी असो की तुझा. मला अंदाज बांधायला लावू नका."

मिल्टनं कप खाली ठेवला. डेल्बर्टनं फोन सुलटा केला, चष्मा लावला आणि वाचायला लागला. आधी रॉय पेटिट. मग कोडी फुक्स, त्याच आवाजात, फक्त जरा अडखळत. मग आणखी एकदोन नावं.

"झाली," तो म्हणाला. "एवढीच."

"एकदा परत बघ," एल्डन म्हणाला.

डेल्बर्टनं वरपासून पुन्हा वाचली.