एक लाइन, तीन पंप

माझ्या बाबांचं ठाम मत आहे की जगातली सगळी भांडणं अकलेच्या टंचाईमुळे होतात. माणूस आणखी थोडा हुशार झाला, की लढाया, दंगली, कोर्टकचेऱ्या आपोआप बंद पडतील आणि सगळे मिळूनमिसळून राहायला लागतील. मी एकदा त्यांना विचारलं, "मग अणुबाँब काय वर्गातल्या ढ मुलांनी बनवला?"

"त्यांची अक्कल अर्धवट होती," बाबा म्हणाले. "पूर्ण असती तर बनवला नसता."

बाबा दिल्लीत सरकारी नोकरीत इंजिनिअर होते. ते रिटायर होईपर्यंतची वर्षं आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये काढली, मग मयूर विहारमध्ये हा फ्लॅट घेतला. आई गेल्यापासून इथे आम्ही दोघंच. इमारत छोटी आहे, एका मजल्यावर एकच घर. तळमजल्यावर अर्थशास्त्राचे एक प्रोफेसर आणि त्यांची बायको, पहिल्यावर आम्ही, आणि दुसऱ्यावर एक वकीलबाई. त्या मूळच्या नगरच्या. दर नाताळला आमच्याकडे करंज्या पाठवतात आणि मी त्यांना मावशी म्हणते. बाबांच्या मते या जिन्यात जितकी अक्कल नांदते तितकी अख्ख्या कॉलनीत नसेल. ते मला मान्य आहे. अडचण तीच झाली.

आमच्याकडे नळाला पाणी येतं ते पहाटे, आणि तेही थोडाच वेळ. तिन्ही घरांच्या टाक्या जिन्यामागे आहेत आणि एकाच लाइनवर आहेत. पाणी आपल्या चालीनं येऊ दिलं, तर तिन्ही टाक्या बऱ्यापैकी भरतात. पण एकानं लाइनला पंप लावला, की सगळं पाणी तोच ओढून घेतो आणि उरलेले दोघे कोरडे. मग तेही पंप लावतात. तिघांनी लावला की पुन्हा सगळ्यांना सारखंच पाणी, फक्त विजेचं बिल आणि आरडाओरडा जास्त. गेल्या वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे तिसरा पंप लागला. पहिला कुणी लावला यावर आजही तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात.

प्रोफेसरांनी एका रविवारी सगळ्यांना गच्चीवर उन्हात बोलावलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मार्करनं चौकोन आखून त्यांनी अस्खलित लेक्चर दिलं. हेच ते कॉलेजात शिकवतात. "हर आदमी अपने हिसाब से समझदारी कर रहा है," ते म्हणाले, "और सब मिलकर बेवकूफ़ बन रहे हैं." मावशींनी टाळ्या वाजवल्या. बाबांना तर भरून आलं. उद्यापासून पंप बंद, असं एकमतानं ठरलं. प्रोफेसरांच्या बायकोनं सगळ्यांना गाजराचा हलवा दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला घर्रर्र आवाजानं जाग आली. बाबा पलंगावर उठून बसले होते.

"खालचा," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यात दुसरी घरघर मिसळली.

"ही वरची." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आता आपण एकट्यानंच शहाणपणा करण्यात काय शहाणपणा आहे, सांग." आणि स्लिपर घालून ते आमचा पंप लावायला गेले.

संध्याकाळी गेटपाशी प्रोफेसर भेटले. मी म्हटलं, "सर, कालच तो आपने समझाया था." ते जराही ओशाळले नाहीत. "बेटा, मुझे पता था बाकी दोनों भी चलाएँगे. मैं तो बस पहले पहुँच गया." त्यांचा अंदाज बरोबर होता. कौतुक करावं की चप्पल काढावी, मला कळेना.

पुढचे दोन-तीन महिने या इमारतीत जी बुद्धी खर्च झाली, ती देशाच्या कामी आली असती तर बरं झालं असतं. बाबांनी पंपासाठी लाकडी खोका बनवला आणि त्याला आतून फोम चिकटवला. आवाज इतका कमी झाला की शेजारी उभं राहूनही ऐकू येईना. प्रोफेसरांनी पाइपला हात लावून थरथर ओळखली आणि दुप्पट ताकदीचा पंप आणला. मावशींनी दोघांनाही कायदेशीर नोटीस पाठवली. लाइनवर थेट पंप लावणं बेकायदा आहे हे त्यात इतक्या सुंदर भाषेत लिहिलं होतं की बाबांनी ती दोनदा वाचली. मावशींचा स्वतःचा पंप तेव्हा जिन्यामागे जुन्या रेनकोटखाली झाकलेला होता. बाबांनी रेनकोट उचलून पंपावर हात ठेवला.

"ताई, हा गरम लागतोय."

"उन्हाळा आहे, भाऊ," मावशी म्हणाल्या आणि कोर्टात निघून गेल्या.

बोलणं बंद झालं. जिन्यात समोरासमोर आलो की सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायचे. मी नोएडाच्या ऑफिसमधून दमून यायचे आणि बाबा मला पाण्याच्या पातळीचा रिपोर्ट द्यायचे.

मग एका आठवड्यात सगळ्यांची पोटं बिघडली. आधी प्रोफेसर, मग बाबा, मग मावशी, शेवटी मी. लाइनमध्ये पाणी नसताना तीन पंप ओढत राहिले, की ते जुन्या पाइपच्या सांध्यांतून बाहेरचं मिळेल ते ओढतात. बाहेर गटार होतं. हे बाबांना ठाऊक होतं. इंजिनिअरच ते. मी संतापले तर क्षीण आवाजात म्हणाले, "ठाऊक होतं गं. पण मला वाटलं, ते त्यांनाही ठाऊक असेल आणि ते आधी थांबतील."

तीन घरांतले लोक संडासाकडे धावत होते आणि प्लंबरनं लाइन बंद ठेवायला सांगितली होती. एकदा एवढी हुशार माणसं रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात बसलेली बघून मला हसू फुटलं. मग प्रोफेसरांची बायको हसली, मग मावशी. हसताना पोट धरावं लागत होतं आणि ते धोक्याचंही होतं. मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यासाठी मऊ भात टाकलाय. पाणी विकतचं आहे, घाबरू नका."

बरे झाल्यावर त्या तिघांनी जे केलं ते बघून मी चाट पडले. बाबांनी सगळा पाइप बदलून घट्ट सांध्यांचा नवा टाकला. तिन्ही पंप काढून एकच लावला, एकाच मोठ्या टाकीवर. कुणाला किती पाणी, याचा हिशोब प्रोफेसरांनी बसवला आणि मावशींनी करारनामा केला. एकही भांडण नाही. रविवारी गच्चीवर पुन्हा हलवा. मे महिन्यात मी भर दुपारी शॉवरखाली उभी राहिले. बाबा तर सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, अक्कल पूर्ण झाली की काय होतं!"

पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या इमारतीतल्या एक बाई आल्या. शाळेत गणित शिकवतात. "अंकल, हमारे यहाँ पानी आना ही बंद हो गया है. आपके यहाँ आता है?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमचा नवा पंप जुन्या तिन्हींपेक्षा मोठा होता. पाइप घट्ट, कुठे गळती नाही. गल्लीतल्या त्याच लाइनवरून तो शेजारच्या तिन्ही मजल्यांचं पाणी गुपचूप ओढत होता.

त्या गेल्यावर गच्चीवर मीटिंग झाली. मला वाटलं, आता लाज वाटेल. प्रोफेसर म्हणाले, आधी डेटा जमा करू. मावशी म्हणाल्या, "कुणी विचारलंच तर पंप कुणा एकाचा नाही, सोसायटीचा आहे." तिघं एकमेकांचं वाक्य पूर्ण करत होते. इतका एकोपा मी आमच्या नात्यातसुद्धा पाहिलेला नाही. मी म्हटलं, "त्या बाई गणित शिकवतात. दोन दिवसांत हिशोब लावतील." दोनही लागले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडेही पंप आला आणि आमची टाकी अर्धी राहिली.

मग मीच त्यांना घरी बोलावलं. चांगलीच खडाजंगी झाली. त्यांनी बाबांना "आप पढ़े-लिखे चोर हैं" असं तोंडावर सुनावलं. पण तासाभरानं त्या आणि प्रोफेसर एकाच कागदावर आकडे मांडत होते. आता दोन्ही इमारतींचा पंप एक आहे. पाणी पुरतं. त्या बाई रविवारी गच्चीवर येतात आणि हलव्यात साखर जास्त आहे असं स्पष्ट सांगतात.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या इमारतीतले एक गृहस्थ बाबांना गेटवर भेटले. त्यांच्याकडे पाणी येत नव्हतं. बाबांनी गंभीर चेहऱ्यानं त्यांना पाइप साफ करून घ्या म्हणून सुचवलं. मी शेजारीच उभी होते. ते गेल्यावर म्हटलं, "बाबा, खरं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर भांडण झालं असतं," बाबा म्हणाले. "आणि मला भांडण अजिबात आवडत नाही."