दादाच्या सोन्याची आंघोळ

आमच्या घरात सोन्याला आंघोळ घातली गेली आणि शिक्षा मला झाली. हा अन्याय आहे, असं मला तरी वाटतं.

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरात मी चुलतभावाकडे, सुहासदादाकडे राहून शिकतो. दादाला जुन्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांचा नाद. त्यातलं वीस डॉलरचं एक नाणं शंभरहून जास्त वर्षांचं, पण टाकसाळीतून आत्ताच पडल्यासारखं! तज्ज्ञांनी अगदी वरची श्रेणी देऊन ते प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद केलेलं. ब्रेडा शहरातल्या नाणेसंग्राहकांच्या मेळाव्यात दादा ते मिरवणार होता. तोवर लक्ष ठेवायचं काम माझं.

ठेवलं ना मी लक्ष. पण दिवाळीसाठी गावाहून माझी आई आली होती. आमच्या घराण्यात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे कळलेलं समजावून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. (कुणी विचारलेलं नसतं.) मी आईला सांगितलं, की हे नाणं कधी बाजारात फिरलं नाही, याला कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही, म्हणून त्याला एवढा मान.

"म्हणजे सोवळ्यातलं," आईने हात जोडले. "आणि यावर ही बाई कोण रे?"

"स्वातंत्र्यदेवी."

देवी म्हटल्यावर संपलंच!

धनत्रयोदशीला मी लेक्चरहून परतलो, तर डबी बत्त्याने फोडलेली आणि देवी पाटावर. आधी चिंचेने घासून, मग पंचामृताने न्हाऊन, अंगभर हळदकुंकू लेवून बसलेली.

"किती निस्तेज दिसत होती बिचारी," आई म्हणाली. "आता बघ."

लखलखत होती खरी. मी डबीचे तुकडे गोळा करायला लागलो.

फारसं बिघडलं नसेल या आशेवर दादा ते नाणं ब्रेडाला घेऊन गेलाच. तिथल्या डच आजोबांनी भिंग लावलं आणि एवढंच म्हणाले, की हे साफ केलेलं आहे. नाण्यांच्या जगात याहून मोठी शिवी नाही; घासलं की मूळ झळाळी आणि किंमत दोन्ही जातात. श्रेणी गेली ती गेलीच. दादाने घरी येऊन हे सांगितलं, तर आई खुलली.

"बघ, परक्या माणसालासुद्धा कळलं."

काकूला दादा काय बोलणार? सगळं माझ्यावर निघालं! मी नम्रपणे निदर्शनास आणलं, की माझ्या माहितीत एकही चूक नव्हती. ते बहुतेक बोलायला नको होतं.

आता सुपरमार्केटची ट्रॉली सोडवायला तिच्यात अडकवायचं नाणंही दादा माझ्या हाती देत नाही. ट्रॉली मात्र मीच ढकलतो.