बाबा झोपलेत

माझ्या मोठ्या नणंदबाई बोलायला लागल्या की घरात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला सवड मिळत नाही. भाजी चिरताना बोलतात, आंघोळीला निघाल्या तरी दारातून बोलतात, फोन ठेवताना तर "बरं ठेवते" म्हटल्यावरच खरी सुरुवात होते. आणि ह्याच बाईंना ऑफिसात सगळे 'हं-ताई' म्हणतात! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "दुसरी कुणीतरी असेल."

आमचं ऑफिस म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. पाटीवर 'प्रादेशिक अभ्यास केंद्र' असं भारदस्त लिहिलंय, पण औषधांचा वास इतका, की जिना चुकलेली माणसं आमच्यापुढेच बाही वर करून बसतात. आम्ही काय करतो? आसपासच्या भागात कुणाला काम आहे, कुणाला नाही, कुठल्या शाळेला शिक्षक नाहीत, बस कुठे थांबत नाही, हे लोकांना जाऊन विचारतो आणि त्याचा अहवाल करतो. पालिका तो वाचते की नाही देव जाणे. कधी वाचते, कधी त्यावर चहाचे कप ठेवते. पण आमच्या संचालकबाईंची एक शिस्त आहे. अहवाल छापायच्या आधी तो ज्या वस्तीतला आहे तिथेच मोठ्याने वाचायचा. कुणीही यावं, ऐकावं आणि "हे चुकलंय" म्हणावं. ती दुरुस्ती सांगणाऱ्याच्या शब्दांत शेवटच्या पानावर छापतात.

ताई गटचर्चा घेतात. म्हणजे आठ-दहा माणसं गोलात बसवायची, एक प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. बास. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. मी ताईंच्या शब्दावर तिथे टिपणं घ्यायला लागले, आणि दुसऱ्याच चर्चेत एका गृहस्थांशी भांडून बसले, कारण ते बायकांच्या कामाबद्दल काहीच्या बाही बोलत होते. बाहेर आल्यावर ताईंनी मला असं काही झापलं म्हणता!

"तुझं मत कुणी विचारलं होतं का?"

"पण तो माणूस धडधडीत चुकीचं—"

"असू दे चुकीचं. आपण ऐकायला जातो. मध्ये शांतता झाली की ती तू भरायची नाहीस. ते भरतील. माणसाला शांतता सोसत नाही."

तेव्हापासून मी जीभ दाताखाली धरून लिहिते. ताई बसतात, मांडीवर हात ठेवतात, आणि अधूनमधून "हं" म्हणतात. शेवटी विचारतात, "अजून काही?" आणि मग थांबतात. खरं काय ते नेमकं त्या थांबण्यात बाहेर पडतं.

आता बाबा. म्हणजे माझे सासरे. उभा जन्म त्यांनी पालिकेत पाणी सोडायचं काम केलं. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे आणि रस्त्यातली झाकणं उघडून ह्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघड, त्या गल्लीचा बंद कर, असं दुपारपर्यंत चालायचं. निवृत्त होऊन जमाना झाला तरी आमच्या गल्लीत अजून त्यांना चावीवाले अण्णाच म्हणतात. सकाळी फिरायला निघाले की अर्धा रस्ता नमस्कार घेण्यात जातो. घरी असले की उशाशी रेडिओ. तो बिघडला की घरात कुणी आजारी पडल्यासारखी धावपळ होते.

ताईंचा एक ठरलेला किस्सा आहे. पाहुणे आले की हटकून निघतो. बाबा दुपारी घरी येऊन आडवे व्हायचे, आई शिवणकामाला गेलेली, मग दारावरचा पहारा ताईंकडे. फ्रॉकमधली पोर, पण कुणाला आत सोडेल तर शपथ! "बाबा झोपलेत. संध्याकाळी या." मोठमोठी माणसं परत फिरायची. ताई कमरेवर हात ठेवून तो आविर्भाव करून दाखवतात, आणि आम्ही शंभरदा बघूनही हसतो. बाबा तेवढ्यात रेडिओचा आवाज वाढवतात. मला वाटायचं, कौतुकाने लाजतात.

यंदाचा अभ्यास पाण्याचा होता. कुठल्या भागाला किती मिळतं, पूर्वी किती मिळायचं, नाही मिळालं तर लोक काय करतात. पालिका नवी लाइन टाकणार होती आणि ती आधी कुठे टाकायची हे ठरवताना आमचा अहवाल बघू म्हणाली होती. म्हणून टेकडीवरच्या वस्तीत बायकांची गटचर्चा ठेवली. जागा मिळाली ती बालवर्गाची खोली. बाकं एवढीशी, की सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. त्यावरून हशा झाला आणि बायका मोकळ्या झाल्या.

ताईंनी विचारलं, "पूर्वी पाण्याचं कसं होतं?"

एकजण म्हणाली, "होतं कुठे? पाणी सोडणारा आमचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा. वर चढेपर्यंत धार करंगळीएवढी."

"आणि लगेच बंद. माझी धाकटी दोन-दोन दिवसांच्या खरकट्या भांड्यांशेजारी वाढली."

"मुद्दाम करायचा हो तो. खाली सगळ्यांना भरपूर आणि आम्ही काय माणसं नव्हतो?"

माझं पेन थांबलं. पाणी सोडणारा त्या भागात एकच होता. मी ताईंकडे बघितलं. त्यांचे हात मांडीवरच होते, फक्त एका हाताने दुसरा घट्ट धरला होता.

"हं," ताई म्हणाल्या.

कोपऱ्यात एक आजी होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही जायचो ना त्याच्या घरी सांगायला. टेकडी उतरून, भर दुपारी. तर दारात त्याची पोरगी. चुणचुणीत होती हो. हलायचीच नाही. म्हणायची, बाबा झोपलेत, संध्याकाळी या. संध्याकाळी जावं तर हा घरात नसायचा. असे किती खेटे घातले." मग जरा थांबून म्हणाल्या, "पोरीचा काही दोष नाही. पोर ती."

मला इतका राग आला की काय सांगू! उठून म्हणावंसं वाटलं, अहो, कोणासमोर बोलताय? त्याआधी मला ताईंना उठवून बाहेर न्यावंसं वाटलं. पण ताई शांत. खोलीत कुणी बोलेना. ती शांतता मी भरली नाही, आणि आयुष्यात मला इतकं जड काही गेलं नाही.

"अजून काही?" ताईंनी विचारलं. आवाज नेहमीचा. फक्त या वेळी त्या थांबल्या नाहीत, लगेच आभार मानून उठल्या.

टेकडी उतरताना मी सरळ म्हटलं, "ताई, हे गाळा. बाबांचं नाव नाही, पण एकच तर माणूस होता. वाचनाला अख्खा भाग येणार. आणि बाबाही येणार, तुमच्या कामाचं वाचन म्हणून आतापासून शर्टाला इस्त्री करून बसलेत. ह्या वयात चारचौघांत हे ऐकवायचं त्यांना?"

ज्या बाई आंघोळीच्या दारातून बोलतात, त्या संपूर्ण टेकडी उतरेपर्यंत गप्प होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालकबाईंना स्वतःहून सांगितलं, की तो माणूस माझा बाप. नियमाप्रमाणे त्या भागाचं लिखाण त्यांच्याकडून काढून दुसऱ्या सहकाऱ्याला दिलं. संचालकबाई माणुसकीच्या. म्हणाल्या, "व्हॉल्व्हचं ठेवू, पण दारातलं ते गाळलं तरी चालेल. अहवालाचं काही अडत नाही."

"त्या बायकांनी सांगितलंय ते," ताई म्हणाल्या. "मी कोण गाळणारी?"

घरी नवरा चिडला. "बापापेक्षा अहवाल मोठा झाला का तुला?" म्हणाला. जेवणं झाल्यावर ताई बाबांच्या खाटेशी जाऊन बसल्या. मी दारात ताटं घेऊन उभी.

"बाबा, टेकडीवरच्या बायका तुमच्याबद्दल बोलल्यात. शनिवारी ते वाचणार आहेत. मी दाराशी उभी असायचे, तेही आहे त्यात." मग विचारलं, "वरचा व्हॉल्व्ह अर्धाच का उघडायचात?"

आणि मांडीवर हात ठेवून गप्प बसल्या.

बाबांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ताई थांबल्या, खूप थांबल्या. पण बाप काही बोलेना. गप्प बसायची विद्या ह्या घरात कुठून आली ते मला तेव्हा कळलं. मी ताटं घासायला गेले आणि मोरीत उभी राहून रडले. कुणासाठी, ते विचारू नका.

शनिवारी बाबा येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. निघायच्या वेळी बघतो तर बाबा दारात, इस्त्रीचा शर्ट घालून, चपला पायात. टेकडी चढताना दोनदा थांबले, पण नवऱ्याने हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही.

वाचन शाळेच्या पटांगणात होतं. खुर्च्या भरून लोक मागे उभे. ताई एका कडेला, मी टिपणांची वही घेऊन पुढे. संचालकबाईंनी वाचायला घेतलं. व्हॉल्व्हचं आलं, करंगळीएवढी धार आली. मग आलं, "तक्रार घेऊन घरी गेल्यास कर्मचारी झोपलेला असे व त्याची मुलगी दारातूनच परत पाठवी, असे महिलांनी सांगितले." मी मान वर केली नाही. भाग संपल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "यात कुणाची दुरुस्ती?"

मागून आवाज आला, "माझी आहे."

बाबा उभे राहिले. "तो कर्मचारी मी. व्हॉल्व्ह अर्धा उघडायचो ते बरोबर लिहिलंय. साहेब लोक खाली राहायचे. खालची धार बारीक झाली की दुसऱ्या दिवशी मला साहेबांपुढे उभं करायचे. वरचे लोक नुसते माझ्या दाराशी यायचे." त्यांना धाप लागली होती. "पण झोपलेला असे, हे चूक आहे. मी झोपलेलो नसायचो. जागा असायचो. पोरगी दारात काय सांगतेय ते मला सगळं ऐकू यायचं. एवढं दुरुस्त करा."

मग दोरीच्या चष्म्याच्या आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माहीत आहे. आम्ही दाराशी आलो की आतला रेडिओ बंद व्हायचा."

माझ्याने राहवेना. शिस्त गेली खड्ड्यात! मी विचारलं, "मग आजी, त्या दिवशी चर्चेत हे का नाही सांगितलंत?"

आजींनी ताईंकडे बोट केलं. "ती समोर बसलेली ना. बसल्याबरोबर ओळखलं मी. तिला वाटत आलं असणार जन्मभर, की बाप खरंच झोपलाय. तिच्या तोंडावर कशाला सांगायचं?"

ताईंनी "हं" म्हणायला तोंड उघडलं. पण आवाज फुटला नाही.

दुरुस्ती मीच लिहून घेतली, बाबांच्या शब्दांत. बाबा खाली बसले, तर एका बाईने पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला. ती बाई त्या दिवशी चर्चेत "मुद्दाम करायचा" म्हणालेली होती. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि किती तरी वेळ प्यायलेच नाहीत.

परतताना बापलेक पुढे, आम्ही दोघं मागे. घरी आल्यावर बाबा खाटेवर टेकले. रेडिओकडे हात गेला, पण लावला नाही.

"दमलो," ते म्हणाले. "जरा पडतो मी."

ताईंनी त्यांच्या पायांवर चादर ओढली. "पडा," म्हणाल्या. "कुणी आलं तर उठवते."