सुकार्जानच्या गळ्यात पडलेली गल्ली

सेमारांग शहरात, समुद्राकाठी खेकडा गल्ली आहे. भरती आली की समुद्र न विचारता आत येतो आणि जाताना दारातल्या चपला घेऊन जातो. असल्या गल्लीचं प्रमुखपद फुकट दिलं तरी कुणाला नको असतं. म्हणून सभेत जो हजर नसेल त्याला एकमतानं निवडायचं, ही तिथली लोकशाही. एका संध्याकाळी सभा चालू असताना सुकार्जान गॅस बंद करायला घरी गेला आणि परत येईपर्यंत प्रमुख झाला होता.

त्याचं सगळं आयुष्य बसच्या कंडक्टरकीत गेलेलं. भाषण म्हटलं की घशाला कोरड पडायची. त्याच्या आधीचे प्रमुख हेंद्रात्मो मात्र हाडाचे नेते. नेतृत्वाच्या शिबिरासाठी ते डोंगरावरच्या हॉटेलात राहून आले होते. आल्या आल्या त्यांनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला. समिती नेमली, समितीला एका रंगाचे बाटिकचे सदरे शिवले आणि स्वतःच्या फोटोचा फलक लावला. फलक इतका उंच की पाणी त्याला कधी शिवलं नाही. पाणी उपसायचा पंप तेवढा राहून गेला. घर मात्र त्यांनी भराव टाकून चांगलं चार पायऱ्या वर नेलं. मग ते मोठ्या राजकारणाच्या तयारीला लागले आणि गल्ली पोरकी झाली.

सुकार्जाननं पहिल्या सभेत उभं राहून एवढंच विचारलं, "गटार कुठं तुंबलंय?" आणि खाली बसला.

"ह्याला काही दूरदृष्टीच नाही हो," टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळून विकणारी सुप्रियाती कुजबुजली.

दुसऱ्या दिवशी तो कंबरेइतका गटारात उतरलेला दिसला, तेव्हा उरलीसुरली पतही गेली. प्रमुखानं असं खाली उतरायचं असतं का?

पुढच्या वर्षी वादळ आणि मोठी भरती एकदमच आली. भर दुपारी पाणी खाटांवर चढलं. म्हातारेकोतारे, पोरंबाळं, कोंबड्या, सगळे रस्त्यावर. कोरडं घर एकच. सुकार्जाननं जाऊन त्याचं दार ठोठावलं.

हेंद्रात्मोंनी दार किलकिलं केलं. "हे बघा, घाई नको. आधी नियोजन करू. शिवाय आत नवीन फरशी आहे."

सुकार्जानच्या घशाची कोरड कुठल्या कुठं पळाली. त्यानं दाराला खांदा लावला आणि बसमधला आवाज काढला, "चला, पुढं सरका! आत सगळं रिकामं आहे! आजींना बसायला द्या, कोंबडी मांडीवर घ्या! साहेब, दारात उभे राहू नका, वाट अडते!"

अख्खी गल्ली त्या दिवाणखान्यात मावली. अंथरुणाला खिळलेल्या कार्सीआजीला पाठीवर घेऊन तो शेवटी आला. तिला आत टेकवली, तेव्हा त्याला स्वतःला पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मग पायरीवर बसून तो भिजलेली सिगारेट पेटवत राहिला.

पाणी उतरल्यावर पत्रकार आला. हेंद्रात्मो सदरा घालून तयारच होते. "जनतेसाठी माझं दार सदैव उघडं असतं," ते म्हणाले. बातमी फोटोसकट छापून आली. फोटोच्या कडेला सुकार्जानचं कोपर दिसत होतं.

पुढच्या निवडीला लोकांनी हेंद्रात्मोंना हाता-पाया पडून परत आणलं.

"भाऊ, राग मानू नका," सुप्रियाती म्हणाली. "कामाला तुम्ही चांगलेच. पण प्रमुख कसा, बघताक्षणी प्रमुख वाटला पाहिजे."

"बरं झालं, सुटलो," सुकार्जान घरी येऊन बायकोला, लास्मिनीला म्हणाला. पण ताटातला भात अर्धा टाकून उठला. तिनं ते पाहिलं आणि ताट झाकून ठेवलं.

आठवडाभरात गटार तुंबलं. सुप्रियाती धापा टाकत थेट त्यांच्या दारात.

"इकडं कशाला? तुमच्या साहेबांकडे जा की!" लास्मिनी कडाडली.

"गेले होते हो. ते म्हणाले, अभ्यास चालू आहे."

"ऐकलंत का..." म्हणत लास्मिनी आत वळली. खोली रिकामी. मागचं दार सताड उघडं, आणि नवरा फावडं घेऊन बोळाच्या टोकाला पोचलेला.

ती कमरेवर हात ठेवून सुप्रियातीकडे वळली. "मग बाई, बघताय काय? दुसरं फावडं कोपऱ्यात आहे. प्रमुख पुढं गेलेत, आता जनतेनं निघावं."