हळदीत असतात

दोन हजार तेवीस साल. मला सदुसष्टावं चालू होतं, आणि माझा पोरगा माझ्या कानामागं वजरी घासत होता.

वजरी टाचेला लावायची असते, कानाला नव्हे, एवढं मी त्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, आबा, हलू नका. अंगणात पाट टाकून मला बसवलेलं. सून वाटीत लिंबू पिळून उभी. शेजारची म्हातारी भिंतीवरून मान वर काढून बघत होती, म्हशीला धुतात तसं याला का धुतायत म्हणून.

कारण एवढंच, की दुपारी नातीला बघायला साताऱ्याकडचे पाव्हणे येणार होते आणि मी पिवळा होतो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हमाल. मूळचा आटपाडीकडचा. घरी मेंढरं होती, पाऊस नव्हता आणि भाऊ लय होते. मेंढरांना पुरून माणसं उरली, म्हणून मला मिसरूड फुटायच्या आत सांगलीला धाडलं. तवापासून पाठीवर हळदच. आता माधवनगरला स्वतःचं घर आहे, ते त्या पाठीनं बांधलं. शाळा दुसरीपर्यंत. सही येते, पोत्यावरचा मार्का वाचता येतो. हे लिहायला मात्र पावसाळा अख्खा गेला, आणि वेलांट्या नातीनं नीट केल्या.

हळदीचं पोतं पाठीवर घेतलं की त्याची पूड मानेपासून टाचेपर्यंत बसते. घाम आला की भिजते आणि कातडीत मुरते. साबणानं जाते म्हणणाऱ्यानं एकदा यार्डात येऊन दाखवावं. माझ्या लग्नात हळद लावायला आलेल्या बायका हसायला लागल्या, की ह्याला लावायची कुठं? माझी मालकीण, आता ती नाही, उशीचे अभ्रे धुताना म्हणायची, ‘माझ्या नवऱ्याची हळद काय अजून उतरंना.’ ती हसून म्हणायची. बाकीचे तेच नाक मुरडून म्हणतात.

मला हे कधी उमगलं नाही. एसटीत माझ्या शेजारी बाई बसली तर पदर आवरून घेते. तीच बाई पालीच्या खंडोबाला जाते, भंडाऱ्यात न्हाऊन निघते, तशीच पिवळीधमक घरी येते आणि फोटो काढून गल्लीला दाखवते. भंडारा म्हणजे काय? हळदच ना? ती यार्डातून तिथवर काय आपल्या पायानं चालत गेली?

आणि रंगाचंच म्हणाल तर आमच्या दुकानाचे शेठही पिवळे. पण त्यांची दोन बोटं पिवळी, हळकुंड मोडून बघायची तेवढी. बोटाला हळद लागली की माणूस व्यापारी. मानेला लागली की हमाल. त्यांच्या बोटाला कुणी लिंबू लावत नाही.

तर मला घासून लाल केलं. पिवळ्यावर लाल चढलं आणि मी भाजलेल्या वांग्यासारखा दिसायला लागलो. मग पोरगा हळूच म्हणाला, ‘आबा, पाव्हण्यांना मी सांगितलंय, वडील हळदीत असतात म्हणून. तुमीबी तेवढंच म्हणा.’

आता आमच्या सांगलीत ‘हळदीत असतात’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर दुकान, गादी, तक्क्या असं सगळं उभं राहतं. पोरग्याला ते चांगलं ठाऊक. तो एका कचेरीत कारकून आहे, शब्द कुठं ठेवावा ते त्याला कळतं. मी म्हणालो, पुढं हमाल म्हणायला तुझी जीभ झिजती का? तो म्हणाला, खोटं कुठं बोललो? हळदीतच असता की.

पाव्हणे आले. मुलगा, त्याचे आईबाप आणि आजोबा. वाईच्या अंगाला त्यांची बागायत, ऊस आणि थोडी हळद. घरातली निम्मी माणसं फौजेत. सगळा कारभार आजोबांच्या हातात, आणि ते बसले माझ्याच शेजारी. माणूस ताठ, बोलायला मोकळा. पोहे खाताखाता त्यांनी मला यंदाचा बाजार विचारला. मला जे ठाऊक होतं ते सांगितलं, आवक बरी आहे, ओला माल आणला तर कुणी उभं करत नाही. त्यांना पटलं.

‘माणसं किती हायत तुमच्याकडं?’ त्यांनी विचारलं.

‘टोळीत अकरा,’ मी म्हणालो.

खरंच होतं ते. आमच्या टोळीत मला धरून अकरा हमाल. पाव्हण्यांना वाटलं, हा अकरा माणसं पोसतो. त्यांनी खुर्ची माझ्याकडं आणखी सरकवली. पोरग्याला खोकला लागला.

मग ते फौजेतलं सांगायला लागले. पाठीवर पिठ्ठू बांधून बर्फात कसे चढायचे, खांद्याला वळ कसे उठायचे. सांगताना त्यांनी शर्टाची कॉलर ओढून वळ दाखवलेसुद्धा. सगळे कौतुकानं बघत होते. मीही बघितले. माझे त्याहून जाड आहेत, पण माझी कॉलर सुनेनं वरपर्यंत बटण लावून बंद केलेली.

वळ दाखवून झाल्यावर तोच माणूस मला काय म्हणतो? ‘पाव्हणं, पर हमालांवर ध्यान ठेवत जावा. हूक घालत्यात, पोतं फाडत्यात, सांडलेली हळकुंडं खिशात. ज्याला डोस्कं न्हाई, त्येच्याच पाठीवर वझं.’

मी बशीत चहा ओतत होतो. बशी भरली तरी ओततच राहिलो. सरकारचं ओझं पाठीवर घेतलं तर छाती काढून सांगायचं, आणि बाजाराचं घेतलं तर डोकं नाही? मी तोंड उघडलं. समोर दाराला टेकून नात उभी होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं आणि सांडलेला चहा पुसला. तिच्यासाठी मिटलं, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या कुणासाठी नाही.

पसंती झाली. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. सगळे उठले, चपला घातल्या, आणि तिथं आजोबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, आमची हळदीची गाडी आज रात्री निघणारच होती, दुसऱ्या दुकानात. आता घरचं दुकान असताना परक्याकडं कशाला? सकाळी तुमच्याकडंच उतरवतो. मी आज सांगलीत मेव्हण्याकडं मुक्कामाला हाय, यार्डात येतो, दुकानाचं नाव सांगा.

मी काही बोलायच्या आत पोरग्यानं घाबरून ‘व्हय व्हय’ म्हटलं आणि शेठच्या दुकानाचं नाव सांगून टाकलं.

हुशार माणसाची गंमत बघा. दुकान कुणाचं विचारलं असतं तर त्यानं शंभर वाटा काढल्या असत्या. नाव विचारलं तर खरं बोलला.

पाव्हण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि घरात खडाजंगी सुरू झाली. पोरग्यानं आधी शेठना फोन लावला. चहाच्या कपबशा उचलायच्या आत त्याचा बेत तयार. मला म्हणाला, शेठ तयार आहेत, उद्याची एक सकाळ गादीवर बसा. पांढरा शर्ट, टोपी. पोती बाकीचे उतरवतील.

‘बाकीचे म्हंजी? माझी टोळी?’

‘त्यांनाबी सांगतो की. वळख दाखवू नका म्हणून.’

तोवर मी बरंच गिळलं होतं. वजरी गिळली, लिंबू गिळलं, ती डोक्याची गोष्टसुद्धा गिळली. हे मात्र घशाखाली उतरेना. माझ्या पाठीवर रोज जे पोतं देतात, माझा पाय घसरला तर आधी हात घालतात, त्यांनी मला ओळखायचं नाही? आणि मी गादीवर बसून त्यांच्याकडं बघायचं, पाणी पीत?

मी म्हणालो, मी बसणार नाही. पोरगा चिडला. त्याचंही ऐकायला पाहिजे. म्हणाला, ‘शाळेत मला पिवळ्याचा म्हणायची पोरं. तुमाला ठावं तरी हाय का?’

‘ठावं हाय. मास्तरबी म्हणायचा.’

‘मग? लोकं अशीच असत्यात, आबा. मी घडवली का त्यास्नी?’

‘न्हाई घडवली. पर मग त्येंची तोंडं धू की. माझी मान कशाला घासतोस?’

तो पायात चपला सारून बाहेर गेला. सून भांडी आपटत राहिली. मी अंगणात त्याच पाटावर जाऊन बसलो. मला राग लोकांचा जेवढा होता, त्याहून जास्त ह्या सगळ्या येडपटपणाचा होता. ज्या घरात महिन्याभरात हळद लागावी म्हणून सगळे जीव टाकत होते, त्याच घरात आज दिवसभर हळद काढायचं काम चाललेलं. माझा पुतण्या खंडाळ्याकडं एका कारखान्याच्या गेटवर उभा असतो. टोपी, शिट्टी, काठी. दिवसभर उभा राहून त्याचे पाय सुजतात, पण भाऊ सगळ्यांना सांगतो, पोरगं कंपनीत आहे. जत्रेत हळदीएवढंच जड पोतं खांद्यावर घेऊन पोरं पळतात, पहिल्याला फेटा बांधतात. तेच पोतं रोज उचललं तर फेटा जातो कुठं? मी पुष्कळ विचार केला, आणि मला वाटतं घाणीचा ह्यात काही संबंध नाही. हमाल वाकतो. एक माणूस वाकला की शेजारच्याला आपण उंच झाल्यासारखं वाटतं, आणि ते त्याला फुकटात मिळालेलं सोडवत नाही.

दिवे लागले तेव्हा नात बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.

‘आबा, मला मुलगा पसंत हाय.’

‘चांगलाच हाय. खाली बघून बोलतो, पर बोलतो.’

‘तुमी गादीवर बसला तर लगीन हुईल. न्हाई बसला तर मोडंलबी.’

‘व्हय.’

‘मग?’

मी तिला सांगितलं, बाळ, उद्या बसलो तर सुपारीला बसावं लागंल, मग लग्नात, मग तुझ्या बाळाच्या बारशाला. ते पाव्हणे दर हंगामाला हळद घेऊन येणार. मी किती हंगाम पांढरा शर्ट घालून बसू? आणि माझ्याबरोबर तुलाही सासरी जन्मभर तेच बसणं बसावं लागंल.

ती अंगणातल्या ओलीकडं बघायला लागली. मला अंघोळ घातलेलं पाणी अजून सुकलं नव्हतं, कडेनं पिवळं दिसत होतं.

‘मोडलं तर मी रडणार,’ ती म्हणाली. ‘तेवढं ऐकून घ्यायचं. उठून जायचं न्हाई.’

‘न्हाई जाणार.’

सकाळी उठलो तर कामाची कोपरी दोरीवर नव्हती. सुनेनं माळ्यावर टाकलेली. मी स्टुलावर चढून काढली, झटकली, अंगात घातली आणि यार्डात गेलो. दुकानात गादीवर नवी चादर अंथरलेली, तक्क्या लावलेला. शेठ हसून म्हणाले, या, बसा. मी म्हणालो, शेठ, मऊ जागेवर माझी कंबर धरते. टोळीतल्या लोकांना पोरग्याचा फोन आलेला होता. ते खरंच माझ्याकडं बघेनात, नाटक करत होते बिचारे. मी आमच्या मुकादमाला पाठीत एक गुद्दा घातला तेव्हा सगळे हसले आणि ओळख परत आली.

वाईची गाडी लागली. गाडीच्या मागच्या फळीखाली मी पहिला उभा राहिलो. तिसरं का चौथं पोतं पाठीवर घेऊन निघालो तेव्हा मुलाचे आजोबा दुकानाच्या पायरीवर आले. इस्त्रीचे कपडे. ते गादीकडं बघत होते, शेठकडं बघत होते, मला शोधत होते. मी त्यांच्या अंगावरूनच गेलो तरी त्यांना दिसलो नाही. पोत्याखालच्या माणसाचं तोंड कोण बघतं?

पोतं थप्पीला टाकून मी माघारी आलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘राम राम पाव्हणं. मी हळदीत असतो, ते हितं.’

त्यांनी माझ्या मानेपासून पायापर्यंत बघितलं. चेहरा उतरला, मग तापला. ‘काल सांगायला काय झालं हुतं?’

‘काल तुमी हमालाला डोस्कं न्हाई म्हणालात. त्याच्यावर काय सांगू? तुमी पिठ्ठूचं वळ दाखवलं, मला माझं दाखवायला कॉलर उघडू दिली न्हाई घरच्यांनी.’ मी कोपरीचा गळा खाली ओढला. ‘हे बघा. आता काय म्हणायचं ते म्हणा. पर पोरीला काय बोलायचं न्हाई. तिनं काय लपवलं न्हाई.’

ते बघत राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, ‘चला, भाईर च्या घिऊ. बोलायचं हाय.’

मी म्हणालो, ‘बोलू की. पर आमच्या टोळीचा च्या गाडी रिकामी झाल्यावर असतो. थांबावं लागंल.’

ते थांबतील की निघून जातील, हे मी बघत बसलो नाही. गाडीवरून टोळीतल्यानं हाक मारली, मी फळीखाली जाऊन पाठ दिली. पुढचं पोतं थप्पीला टाकून वळलो, तेव्हा पाव्हणे दुकानाच्या पायरीवर रुमाल अंथरून बसलेले होते. अजून अर्धी गाडी उतरायची होती, तिकडं गेलो.