रिकाम्या घरात राहणारी

घरच्यांनी तिला 'अर्धी डॉक्टर' हे नाव ठेवलं होतं. परदेशात मुंग्यांवर चाललेलं तिचं संशोधन संपता संपत नव्हतं, आणि तोवर मुंग्यांच्या पिढ्यान् पिढ्या सुखानं नांदून गेल्या होत्या. भाड्याच्या खोल्या बदलून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा तिनं आपली बचत आणि वडिलांची मदत एकत्र करून जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक लहानसं घर विकत घेतलं. ती परदेशी विद्यार्थिनी असूनही कुणी हरकत घेतली नाही. विकत घेणाऱ्याशी कायदा नेहमी गोडच बोलतो.

वर्ष सरलं आणि 'रिकाम्या घराचा' जादा कर आला. ती तडक कर कार्यालयात गेली.

"तुम्ही विद्यार्थी, म्हणजे करासाठी अनिवासी," खिडकीमागचे साहेब म्हणाले. "अनिवासी मालक इथं राहत नाही. मालक राहत नाही, म्हणजे घर रिकामं."

"अहो, मी रोज तिथंच झोपते!"

"झोपा की. आमची कुठं ना आहे?"

तिनं आईला फोन केला. आईनं घरच्या हिशेबनीस काकांना विचारलं. तू वर्षभर बाहेर, म्हणजे इकडचीही अनिवासीच, असं काकांनी कळवलं. त्रिशंकूला निदान स्वर्गाचं दार तरी दिसलं होतं. हिच्या वाट्याला खिडकी आली, तीही जेवणाच्या सुट्टीत बंद.

मग तिनं कराविरुद्ध तक्रार केली, तेव्हा तपासनीस घर पाहायला आला. तिनं ओल्या केसांनीच दार उघडलं. त्यानं चहा घेतला, बिस्किटंही नाकारली नाहीत, आणि शेरा मारला: मालक आढळला नाही.

"मग चहा कुणी दिला तुम्हाला?"

"बाई, मी डोळ्यांवर नाही, नियमांवर चालतो."

शेवटी सुनावणी लागली. साक्षीला कोण येणार? खालच्या मजल्यावरच्या आजींशी तिचं न्हाणीघराच्या गळतीवरून रोज वाजायचं. तरी नाइलाजानं ती त्यांच्याकडेच गेली. आजी म्हणाल्या, "येते. मलाही बोलायचंच आहे."

सुनावणीत आजींनी साहेबांना तोंड उघडू दिलं नाही.

"ही राहत नाही? मग माझ्या डोक्यावर रोज सकाळी अंघोळ कोण करतं? चला, छत दाखवते! चला म्हणते ना!"

त्यांनी साहेबांची बाहीच धरली. साहेबांनी घाईघाईनं निकाल दिला: घर वापरात आहे, जादा कर रद्द, मालक मात्र अनिवासीच.

बाहेर येताच अर्धी डॉक्टर आजींच्या गळ्यात पडली. आजींनी तिला बाजूला सारलं.

"राहतेस हे सिद्ध झालं ना? मग आता न्हाणीघर दुरुस्त कर."

प्लंबरनं सगळी फरशी उखडली. काम संपेपर्यंत ती आजींकडे अंघोळीला जायची, आणि आजी दाराबाहेरून ओरडायच्या, "गरम पाणी जपून वापर गं, माझीही अंघोळ व्हायची आहे!"